फुकटचे उद्योग

आमच्या घरात भांडण झालं ते मडक्यांवरून. खरी मडकी नव्हेत, कॉम्प्युटरमधली.

डिसेंबर २०२४ ची गोष्ट. लेक हिवाळ्याच्या सुट्टीत घरी आली होती. कॉम्प्युटर सायन्सचं तिसरं वर्ष, पुढच्या उन्हाळ्याची इंटर्नशिप अजून ठरलेली नाही, आणि माझ्या जिवाला तोच घोर. रात्री दीड वाजता पाणी प्यायला उठलो, तर तिच्या दाराखालून उजेड. वाटलं, अर्ज भरत असेल. आत डोकावलो. पडद्यावर एका कोळ्याच्या झोपडीचा आतला भाग दिसत होता. जाळी, दोरखंड, चटई, कोपऱ्यात तीन मडकी. त्यातलं एक मडकं ती जरा डावीकडे कलवत होती. मग उजवीकडे. मग परत डावीकडे.

"काय चाललंय?"

"मडकी ठेवतेय, बाबा."

"किती वेळ?"

"झोपडीचं म्हणताय का? तीन आठवडे झाले. मध्ये परीक्षा होती ना."

"याचे पैसे किती मिळतात?"

"पैसे नाही मिळत. आम्ही सगळे व्हॉलंटियर आहोत."

त्यानंतर मी जे बोललो ते इथे जसंच्या तसं लिहीत नाही. कॉलेजची फी, तिच्या बरोबरीच्या मुलांना कुठे कुठे मिळालेल्या इंटर्नशिप आणि 'फुकटचे उद्योग' हे शब्द त्यात होते, एवढं सांगितलं तरी पुरे. ती काही बोलली नाही. लॅपटॉप मिटला आणि दिवा घालवला.

सकाळी चहा पिताना बायको म्हणाली, "अहो, एक विचारू? मागच्या वर्षी मंडळाच्या नाटकासाठी गॅरेजमध्ये तीन रात्री जागून तुळशीवृंदावन कोणी रंगवलं? प्रयोग एक, तोही दीड तासाचा. त्याचे किती डॉलर मिळाले होते?"

मला उत्तर सुचेना. खरं सांगायचं तर होम डेपोच्या प्लायवूडचे सत्तर डॉलर माझ्याच खिशातून गेले होते.

मग जरा नरमाईनं लेकीला विचारलं, "कसला गेम आहे हा?" ती म्हणाली, "जुना आहे बाबा, तुम्हाला माहीत नसणार. मॉरोविंड. दोन हजार दोनचा. आम्ही तो स्कायरिमच्या इंजिनमध्ये नव्याने बांधतोय. प्रोजेक्टचं नाव स्कायविंड."

मी कप खाली ठेवला. माहीत नसणार? बावीस वर्षांत ते नाव घरात कुणापुढे काढलं नव्हतं हे खरं, पण ते मी विसरलो होतो असं मात्र नाही.

---

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. मी २००१ मध्ये एच-वन व्हिसावर इथे आलो. साताऱ्याहून निघताना दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सोसायटीचं कर्ज काढून तिकीट केलं होतं. वर्षभर बरं चाललं. मग डॉट-कॉमचा फुगा फुटल्याचे पडसाद आमच्यापर्यंत येऊन पोहोचले आणि २००२ च्या हिवाळ्यात मला कन्सल्टिंग कंपनीनं बेंचवर बसवलं. बेंच म्हणजे काय, हे त्या काळात इथे आलेल्यांना सांगायला नको. पगार बंद, गेस्ट हाऊसमध्ये सहा जण, रोज मुलाखतीच्या फोनची वाट बघायची आणि व्हिसाचं काय होणार या काळजीत झोपायचं. खरं तर झोप यायचीच नाही.

हैदराबादच्या रूममेटनं सुटे भाग जमवून एक पीसी जुळवला होता. तो रात्री झोपला की मी त्यावर बसायचो. त्यावर एकच गेम होता, मॉरोविंड. तो बनवणारी बेथेस्डा ही कंपनी आमच्याच मेरीलँडमधली. १९८६ मध्ये बेथेस्डा गावात सुरू झाली म्हणून ते नाव, पुढे ती रॉकव्हिलला गेली. आज मी रोज आय-२७० वरून रॉकव्हिलचं एक्झिट ओलांडून ऑफिसला जातो, पण तेव्हा हे काहीच ठाऊक नव्हतं.

या गेमची सुरुवात कैद्यांच्या बोटीवर होते. शेजारचा कैदी तुम्हाला उठवतो, नाव विचारतो. बोट सेडा नीन नावाच्या दलदलीतल्या छोट्या बंदराला लागते. धक्क्यावरचा शिपाई तुम्ही कुठले ते विचारतो. पुढे कचेरीत एक म्हातारा कारकून तुमचा व्यवसाय विचारून कागद करतो. पलीकडच्या खोलीत अधिकारी तुमच्या हातात एक पाकीट आणि ८७ नाणी ठेवतो आणि सांगतो, बालमोरा नावाच्या गावी जा, अमुक माणसाला भेट. दार उघडतं, तुम्ही बाहेर. तिथले मूळ रहिवासी तुम्हाला 'आउटलँडर' म्हणतात, म्हणजे परका, उपरा. कुणी नीट बोलत नाही. कुठे जायचं हे दाखवणारा बाण पडद्यावर नाही.

डलेस विमानतळाच्या इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहून वर्षच झालेल्या माणसाला हे सगळं किती ओळखीचं वाटलं असेल, ते या सदराच्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

बंदरातून बाहेर पडून थोडं चाललं की आभाळातून किंचाळी ऐकू येते आणि एक जादूगार धप्पकन तुमच्यासमोर पडून मरतो. त्याच्या अंगावर उंच उडीच्या मंत्राचे कागद सापडतात. उडण्याची सोय त्याने केली होती, उतरण्याची केली नव्हती. मी आणि माझा रूममेट त्याला 'डॉट-कॉम' म्हणायचो. बेंचवरच्या त्या तीन महिन्यांत मोठ्यानं हसल्याचं मला तेवढंच आठवतं.

दर रविवारी कॉलिंग कार्डवरून साताऱ्याला फोन करायचो. "काम जोरात आहे," असं सांगायचो. मग फोन ठेवून त्या बेटावर परत जायचो. तिथे निदान वणवण केली तर पुढचं गाव सापडत होतं.

फेब्रुवारीत बॉल्टिमोरला प्रोजेक्ट मिळाला आणि मी गेस्ट हाऊस सोडलं. जाताना रूममेटनं गेमच्या खोक्यातला कागदी नकाशा मला दिला. त्यानंतर मी तो गेम कधीच खेळलो नाही. त्या दिवसांची आठवणच नको वाटायची.

---

हे सगळं लेकीला त्या सकाळी सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाबा, नकाशा अजून आहे?"

बेसमेंटमध्ये जुन्या टॅक्सच्या कागदांखाली एक खोकं होतं. नकाशा निघाला, घड्यांवर फाटलेला. सोबत एक शंभर पानी वहीही निघाली, ती मात्र मी पार विसरलो होतो. त्या गेममध्ये बाण नसल्यामुळे लोक तोंडी रस्ता सांगतात आणि तो आपण लक्षात ठेवायचा असतो. तो सगळा मी वहीत मराठीत उतरवून ठेवला होता. 'बंदरातून पूल ओलांडून उत्तरेचा रस्ता. पेलागियाड गाव लागेल. तिथून पुढे किल्ला. किल्ल्यापासून पश्चिमेला बालमोरा, मध्ये नदी.' दुसऱ्या पानावर, 'किल्ल्याच्या पूर्वेला लाव्ह्याचा सुका ओढा, त्यावर जुना पूल. पलीकडे डोंगरात बुटक्यांचं पडकं शहर. दार दिसत नाही, आधी नळावरची चक्री फिरवायची.' त्याखाली दोनदा अधोरेखित केलेलं, 'पेटी सापडत नाही!!'

त्या पेटीच्या शोधात जगभरच्या खेळाडूंनी रात्री घालवल्या आहेत, हे मला लेकीनं सांगितलं. तोवर मला वाटत होतं, आपणच काय ते बावळट.

तिला देवनागरी वाचता येते, पण अडखळत. त्या दिवशी ती बोट ठेवून ठेवून माझं बावीस वर्षांपूर्वीचं गिचमिड अक्षर वाचत होती. मराठी शाळेच्या रविवारच्या वर्गात तिने इतक्या चिकाटीनं कधी वाचल्याचं मला आठवत नाही.

---

आता हा उद्योग नेमका काय, ते मला जसं समजलं तसं सांगतो, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असं एखादं पोर असेल.

गेमचं 'इंजिन' म्हणजे नाट्यगृह समजा. रंगमंच, दिवे, पडदे ओढायचे दोर, फिरता रंगमंच, ध्वनीची सोय. नाटक वेगळं आणि नाट्यगृह वेगळं. मॉरोविंड हे २००२ च्या नाट्यगृहात बसवलेलं नाटक. त्याच कंपनीनं नोव्हेंबर २०११ मध्ये स्कायरिम हा पुढचा गेम आणला, तेव्हा त्यांचं नाट्यगृह कितीतरी सुधारलेलं होतं. जुन्या नाटकावर जीव असलेल्या काही लोकांना वाटलं, हेच नाटक त्या नव्या रंगमंचावर करता आलं तर? २०१२ च्या सुमारास स्कायविंडचं काम सुरू झालं. मधला गेम ऑब्लिव्हियन, २००६ चा. तोही असाच स्कायरिममध्ये आणणारा जोडीचा प्रकल्प म्हणजे स्कायब्लिव्हियन.

हे शक्य झालं त्याचं श्रेय कंपनीलाही द्यायला हवं. मॉरोविंडच्या पीसी आवृत्तीबरोबरच त्यांनी गेमचं जग बदलायचं हत्यार खरेदीदाराच्या हाती दिलं होतं. स्कायरिमसाठी असंच हत्यार फेब्रुवारी २०१२ मध्ये आलं. नाटकाच्या तिकिटाबरोबर नेपथ्याची पेटीही मिळाली, तर हौशी मंडळी स्वस्थ कशी बसतील?

मी म्हटलं, "मग जुनं नेपथ्य उचलायचं आणि नव्या रंगमंचावर ठेवायचं. बारा वर्षं कशाला लागतात?"

"तेच करायचं नाहीये, बाबा." गेम कंपनीच्या मालकीचा. एका गेममधली मॉडेल्स, चित्रं, आवाज उचलून दुसऱ्यात घालून वाटणं चालत नाही. म्हणून प्रत्येक दगड, प्रत्येक भांडं, प्रत्येक झाड, प्रत्येक पोशाख स्वतः नव्याने बनवायचा. शिवाय तयार झालं तरी ते विकायचं नाही. ज्याला खेळायचं आहे त्याच्याकडे दोन्ही मूळ गेम विकत घेतलेले असले पाहिजेत. म्हणजे या फुकटच्या उद्योगातून कंपनीच्या जुन्या गेमच्या प्रती खपणार, करणाऱ्याला मात्र छदाम नाही. आमच्या मंडळाची निदान तिकिटं तरी असतात.

आणि भांडी ही तर सोपी गोष्ट. खरी गंमत पुढे आहे. मॉरोविंडमध्ये बहुतेक संवाद लिखित. माणसाशी बोलायला गेलं की मजकूर उघडतो, आपण वाचायचा. स्कायरिममध्ये माणसं तोंडानं बोलतात. त्यामुळे ते सगळे संवाद हौशी कलाकारांकडून म्हणवून घ्यायचे. कुणी एका देशात कपड्यांच्या कपाटात बसून रेकॉर्ड करतो, दुसरा दुसऱ्या देशात बसून त्यातली पंख्याची घरघर काढतो.

मग मांत्रिकांचे मनोरे. त्या बेटावर एका घराण्याचे जादूगार अवाढव्य अळंब्यांत राहतात आणि वरच्या मजल्यावर जायला जिनाच नाही. ज्याला उडता येत नाही अशा माणसाला आम्हाला भेटायचं नाही, हा त्यांचा तोरा. मॉरोविंडमध्ये उडण्याचा मंत्र होता, पुढच्या गेममध्ये तो काढून टाकला. आता नव्या इंजिनमध्ये जिने बांधले तर घराण्याचा तोरा गेला आणि न बांधावे तर उडण्याची सोय स्वतः करा. भाल्याचंही तेच. जुन्या गेममध्ये भाले होते, स्कायरिममध्ये नाहीत.

जुन्या गेमची एक खोड मला पक्की आठवत होती. तलवार समोरच्याच्या अंगातून आरपार जाताना दिसायची, तरी वार चुकलेला असायचा. कारण पोटात फासे पडत असायचे आणि तुमचं कौशल्य कमी असेल तर दान पडायचं नाही. मी विचारलं, "ते ठेवणार का?" ती हसली. "त्यावर आमच्यात किती भांडणं झालीत माहितीये?" स्कायरिममध्ये तलवार लागली की लागली. मग नवशिक्याला नवशिकेपण कसं जाणवणार? आणि ठेवलं तर आजची मुलं वैतागून सोडून देणार. काय ठेवायचं, काय बदलायचं, हा खरा वाद. संगीत नाटक आजच्या प्रेक्षकांसमोर करताना किती पदं ठेवायची, यावर आमच्या मंडळाच्या बैठकीत दर वर्षी जुंपते ती हीच.

मला सर्वांत आवडली ती धुक्याची गोष्ट. २००२ च्या कॉम्प्युटरना लांबचं दाखवायची ताकद नव्हती, म्हणून मॉरोविंडमध्ये थोड्या अंतरापुढे सगळं धुक्यात बुडालेलं असायचं. त्या धुक्यात चालताना बेट अफाट वाटायचं. नवं इंजिन क्षितिजापर्यंत सगळं दाखवतं. धुकं काढलं की कळतं, बेट केवढंसं आहे! दोन गावं इतकी जवळ होती? मग बांधणाऱ्याला डोंगर, झाडं, वळणं यांनी नजर अडवून ते अंतर परत निर्माण करावं लागतं.

हे ऐकताना मला आमच्या गावातली शाळा आठवली. लहानपणी मैल दोन मैल वाटणारा शाळेचा रस्ता २०१४ मध्ये दादांच्या दिवसांना गेलो तेव्हा सात मिनिटांत संपला होता.

---

अशी वेडी माणसं जगात बरीच आहेत, हेही तिच्याकडून कळलं. टॅमरिएल रीबिल्ट नावाचा गट मॉरोविंड बाजारात यायच्या आधीच, २००१ मध्ये सुरू झाला. मूळ गेममध्ये फक्त बेट आहे, म्हणून त्या देशाचा उरलेला मोठा भूभाग ते जुन्याच इंजिनमध्ये तुकड्या तुकड्यानं बांधताहेत. आज तिथे काम करणाऱ्यांत तेव्हा न जन्मलेलीही मुलं असणार. ओपनएमडब्ल्यू नावाच्या दुसऱ्या गटानं २००८ पासून इंजिनच नव्याने लिहिलं. म्हणजे नाटक तेच, नेपथ्य तेच, नाट्यगृह मात्र पायापासून आपलं, आणि सगळ्यांना खुलं. त्याही आधी १९८८ चा अल्टिमा-५ हा गेम चाहत्यांनी डंजन सीज या गेमच्या इंजिनमध्ये उभा करून पूर्ण केला होता.

सगळ्यांचं नशीब असं नसतं. क्रोनो ट्रिगर या गाजलेल्या जपानी गेमची काही दृश्यं नव्याने करणाऱ्या चाहत्यांना २००४ मध्ये कंपनीची कायदेशीर नोटीस आली आणि काम तिथेच थांबलं. उलट हाफ-लाइफ या गेमचं चाहत्यांनी केलेलं ब्लॅक मेसा हे रूप आधी फुकट आलं आणि पुढे मूळ कंपनीच्या परवानगीनं विकलंही गेलं. सारा खेळ मालकाच्या मर्जीवर. मालकीण इमारत पाडायला कधी काढेल, याची धास्ती मनात धरून भाड्याच्या घरात जीव ओतून रंगकाम करण्यातला हा प्रकार.

ती धास्ती २२ एप्रिल २०२५ ला खरी झाली, असं मला वाटलं. त्या दिवशी ऑफिसात बातमी वाचली. बेथेस्डानं, आता ती २०२१ पासून मायक्रोसॉफ्टच्या मालकीची, ऑब्लिव्हियनची स्वतःची नवी आवृत्ती जाहीर केली आणि त्याच दिवशी विकायलाही काढली. व्हर्च्युओस या कंपनीच्या मदतीनं, वरचं रूप अनरिअल इंजिन-५ चं, आत जुनीच यंत्रणा. म्हणजे स्कायब्लिव्हियनची माणसं बारा-तेरा वर्षं जे फुकट करत होती, तेच मूळ कंपनीनं पैसे लावून, व्यावसायिक माणसं लावून बाजारात आणलं.

माझ्या पोटात खड्डा पडला. तिचा प्रकल्प हा नव्हे, पण सख्खा शेजारी. आज त्यांचं, उद्या यांचं. दुपारीच तिला फोन केला. काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं. वाईट वाटून घेऊ नकोस, शिकायला तर मिळालं ना, वगैरे.

ती एकदम खुशीत होती. "बाबा, कंपनीनं स्कायब्लिव्हियनच्या टीमला नवीन गेमच्या कॉपीज फुकट पाठवल्या! ते थांबणार नाहीयेत, त्यांचं चालूच राहणार आहे."

"अगं, पण आता कोण खेळणार त्यांचं?"

"बाबा, व्यावसायिक लोकांनी एखादं नाटक केलं म्हणून तुम्ही मंडळात तेच नाटक करायचं सोडता का?"

माझंच उदाहरण तिने माझ्या गळ्यात घातलं. खरं आहे. मुंबई-पुण्याच्या उत्तम प्रयोगाची सीडी घरात असताना आपण इथे शाळेचं सभागृह भाड्यानं घेऊन, कच्च्या पाठांतरानं तेच नाटक करतोच. ते बघायला तीनशे माणसं बर्फातून येतातही. नाटक आपल्याला पुन्हा *करायचं* असतं. नुसतं बघायचं असतं तर सीडी पुरली असती.

---

हे सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. इंटर्नशिप अखेर मेमध्ये मिळाली, एका छोट्या कंपनीत, पगार बेताचा. या कामामुळे मिळाली असं लिहायचा मोह होतो, पण तसं काही नाही. मुलाखतीत त्या झोपडीबद्दल कुणी विचारलंसुद्धा नाही. सेमिस्टर चालू असताना आठवड्याला दहा तासांपेक्षा जास्त नाही, असा करार आमच्यात झाला आहे आणि तो ती पाळते की नाही, यावर माझा पूर्ण विश्वास नाही. स्कायविंड अजून पूर्ण झालेला नाही. मी दर महिन्याला "कधी?" म्हणून विचारतो. ती म्हणते, "झाला की." सुरुवातीला काम करणाऱ्यांपैकी काहींची लग्नं झाली, मुलं झाली, ते निघून गेले, त्यांनी अर्धवट ठेवलेली गावं नवीन मुलं हातात घेतात. तिच्या मडक्यांचीही कुणीतरी तपासणी केली आणि झोपडी दोनदा परत पाठवली. दुसऱ्या वेळचा शेरा असा होता की एवढ्या नीटनेटक्या घरात कुणी राहत असेल असं वाटत नाही. तो वाचून बायको हसून म्हणाली, "त्यांना तिची खोली दाखवा."

उन्हाळ्यात एका संध्याकाळी तिने मला त्या वहीतल्या रस्त्यानं चालवलं. तिच्या यंत्रावर नवं बंदर उघडलं. मी माझ्या अक्षरातला रस्ता वाचत होतो आणि ती चालत होती. पूल होता. उत्तरेचा रस्ता होता. एका वळणावर मी वहीत 'डावीकडे मोठा खडक' असं लिहिलं होतं, तिथे आता झुडपं होती. तिने लगेच टिपून घेतलं. खडक परत येईल की नाही, ठाऊक नाही. पण बावीस वर्षांपूर्वी बेकार बसलेल्या एका माणसाची मराठी टिपणं कुणाच्या तरी कामाच्या यादीत गेली, याचं मला फार बरं वाटलं.

गेल्या महिन्यात मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमासाठी वाड्याचं अंगण उभं करायचं होतं. वृंदावन जुनंच होतं, मी त्याला नवा रंग देत होतो. लेक दोन दिवसांसाठी आली होती. गॅरेजच्या दारात उभी राहून बघत म्हणाली, "बाबा, हे फार स्वच्छ आहे."

"म्हणजे?"

"इथे रोज दिवा लावतात ना? मग कोनाड्यात काजळी हवी. खाली तेलाचे डाग हवेत. आणि पाणी घालतात ना रोज, मग या बाजूला थोडं शेवाळ." असं म्हणून तिने ब्रश घेतला. साताऱ्याच्या वाड्यात ती आयुष्यात चार वेळा गेली असेल. तासाभरानं मी मागे सरून पाहिलं, तर ते आमच्या आईचं वृंदावन होतं.

प्रयोग एकच झाला. दीड तासाचा.

हा लेख साताऱ्यात भाऊ ई-पेपरवरून आईला वाचून दाखवेल, म्हणून शेवटी थोडं तिच्यासाठी. आई, दोन हजार दोनच्या थंडीत मी दर रविवारी "काम जोरात आहे" म्हणून सांगायचो ना, तेव्हा काम नव्हतं. तीन महिने नव्हतं. दादांना ते सांगायचं राहून गेलं. त्या दिवसांत मी एका बेटावर हिंडत होतो, आणि तुझी नात आता ते बेट पुन्हा बांधतेय. पुढच्या वेळी आलो की दाखवतो. रस्ता माझ्या वहीत लिहिलेला आहे.